ईईओसीच्या तपास अधिकाऱ्यासमोर जबाब देताना

अमेरिकेतल्या नोकरीत आपल्याशी भेदभाव होतोय, हे स्वतःशी मान्य करायलाच आपल्या माणसांना फार वेळ लागतो. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, व्हिसा कंपनीच्या हातात, मुलांची शाळा मध्येच कशी बदलायची, अशी सगळी आकडेमोड झाल्यावर एखादा कसाबसा ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे, तक्रार दाखल करतो. मग काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तपास अधिकाऱ्याचा ईमेल येतो की अमुक दिवशी तुमच्याशी बोलायचं आहे. इथवर धीराने वागलेला माणूस नेमका तिथे गडबडतो. काय विचारतील? इंग्रजीत अडखळलो तर? मॅनेजरला कळलं तर?

या भेटीची तयारी करता येते आणि ती केलीच पाहिजे. माझं मुख्य सांगणं हे की तपास अधिकाऱ्याला तुमचं दुःख पटवून द्यायला जाऊ नका, त्याला स्वतः तपासून पाहता येईल असं काहीतरी द्या. तारीख, नाव, ईमेल, आणि तुमच्यासारखंच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाला मिळालेली वेगळी वागणूक. बाकीची तयारी याच गोष्टीसाठी आहे. प्रकरण मोठं असेल, पुढे कोर्टात जाईलसं दिसत असेल, तर कर्मचाऱ्यांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलाशी भेटीआधी एकदा बोलाच. लेख वाचून वकिलाची गरज संपत नाही.

समोरचा माणूस कोण असतो

ईईओसी म्हणजे इक्वल एम्प्लॉयमेंट ऑपॉर्च्युनिटी कमिशन. १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याने ही संस्था स्थापन झाली आणि जुलै १९६५ मध्ये तिचं काम सुरू झालं. त्या कायद्याचा सातवा भाग, ज्याला सगळे 'टायटल सेव्हन' म्हणतात, वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करायला मनाई करतो. अपंगत्व, जनुकीय माहिती आणि वय (४० आणि पुढे) यांसाठी वेगळे कायदे आहेत, तेही ईईओसीच पाहते. टायटल सेव्हन लागू व्हायला मालकाकडे किमान १५ कर्मचारी असावे लागतात, वयाच्या कायद्यासाठी २०. आपले उच्चार, आपलं इंग्रजी बोलण्याचं वळण हेसुद्धा 'मूळ देश' या सदरात येतं. उच्चारांमुळे प्रत्यक्ष कामात खरोखरच अडथळा येत असेल तरच मालकाला त्यावरून निर्णय घेता येतो.

तपास अधिकारी तुमचा वकील नाही आणि कंपनीचाही नाही. त्याच्या टेबलावर एकाच वेळी अनेक फायली असतात. तो तुम्हाला सल्ला देणार नाही, फीही घेणार नाही. त्याच्या डोक्यात ढोबळपणे तीन प्रश्न असतात. तुमचं नेमकं काय नुकसान झालं? ते तुमच्या वंशामुळे, धर्मामुळे, वयामुळे झालं असं म्हणायला आधार काय? कंपनी जे कारण सांगते आहे ते खरं, की पांघरूण? सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये मॅकडॉनल डग्लस खटल्यात हीच वाट घालून दिली. आधी तक्रारदाराने संशयाला जागा दाखवायची, मग मालकाने कायदेशीर कारण सांगायचं, मग तक्रारदाराने ते कारण खोटं का ते दाखवायचं. हा क्रम लक्षात ठेवून तयारी केलीत तर मुलाखतीतला कुठलाही प्रश्न कुठून येतोय ते तुम्हाला ओळखता येईल.

'नुकसान' म्हणजे नोकरीच गेली पाहिजे असं नाही. २०२४ मध्ये मल्ड्रो विरुद्ध सेंट लुई शहर या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की बदलीमुळे नोकरीच्या अटी-शर्तींत काहीएक तोटा झाला असेल तरी पुरे, तो फार मोठा असण्याची गरज नाही. पगार तोच ठेवून तुम्हाला दुय्यम कामावर टाकलं असेल, तर "तसं काही झालं नाही हो" असं म्हणून स्वतःच ते झटकू नका.

आधी मुदत बघा

मुलाखतीची कितीही तयारी केली तरी मुदत हुकली की सगळं वाया. घटनेपासून १८० दिवसांत तक्रार दाखल झाली पाहिजे. असा भेदभाव रोखणारा कायदा आणि तो राबवणारी संस्था तुमच्या राज्यात असेल, तर ३०० दिवस. सुट्ट्या आणि शनिवार-रविवार धरून. कंपनीच्या आतल्या एचआरकडे तक्रार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही, आणि आपली माणसं सगळ्यात जास्त इथेच फसतात, कारण "एचआर बघतंय ना" या भरवशावर महिने निघून जातात.

बढती नाकारणं, काढून टाकणं, बदली यांची मुदत प्रत्येक घटनेपासून वेगळी मोजतात. सततच्या टोमण्यांनी, अपमानांनी वातावरणच विषारी झालं असेल तर त्यातली शेवटची एखादी घटना मुदतीत असली तरी मागच्या घटना विचारात घेता येतात. हा फरक २००२ च्या मॉर्गन खटल्यापासून चालत आलेला आहे. म्हणून मुलाखतीत सगळ्यात अलीकडची घटना कोणती, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

राज्यांच्या संस्थांचे नियम निराळे आहेत. कॅलिफोर्नियात सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे तीन वर्षांपर्यंत जाता येतं आणि बहुतेक प्रकारच्या भेदभावासाठी पाच कर्मचाऱ्यांची कंपनीही पुरते. तुम्ही स्वतः केंद्र सरकारच्या नोकरीत असाल, उदाहरणार्थ माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात, तर रस्ताच वेगळा. तिथे ४५ दिवसांत त्याच खात्यातल्या ईईओ समुपदेशकाशी संपर्क साधावा लागतो, तपासही खात्यातर्फेच होतो, आणि तुमचा जबाब बहुधा शपथपत्राच्या रूपात लेखी घेतला जातो. खाली दिलेली तयारी तिथेही उपयोगी पडते. लेखी जबाबात तर एकेक वाक्य आणखी तोलून लिहावं लागतं.

घटनाक्रम लिहून काढा

भेटीच्या तयारीतलं सगळ्यात मोठं काम हेच, त्यामुळे वेळही यालाच द्या. सुरुवातीपासूनची कहाणी सलग लिहायला बसू नका. कहाणी लिहिताना माणूस आपोआप पाल्हाळात शिरतो, आणि राग आला की पदरचं घालून लिहितो. त्यापेक्षा एकेक घटना सुटी लिहा: तारीख, जागा किंवा मीटिंगचं नाव, कोण काय बोललं किंवा काय केलं, तेव्हा तिथे आणखी कोण होतं, त्याचा कागदोपत्री पुरावा कुठे आहे. नमुन्यादाखल अशी एक नोंद पाहा:

१२ मार्च २०२५, बुधवार, सकाळची टीम मीटिंग, व्हिडिओवर. मॅनेजर म्हणाले, "क्लायंटला कळेल असं बोलणारा माणूस या जागेवर हवा." हजर: मी आणि टीममधले चौघे (नावं). मीटिंगचं निमंत्रण कॅलेंडरवर आहे. त्याच दिवशी दुपारी मी एचआरला ईमेल केला, उत्तर १९ मार्चला आलं.

तारखेबद्दल एक गोष्ट. आपण ५/३ लिहितो ते पाच मार्च असतं, अमेरिकेत ते तीन मे होतं. एवढ्याने तुमची घटना मुदतीच्या आत किंवा बाहेर जाऊ शकते, शिवाय कंपनीच्या कागदांशी तुमचा जबाब जुळेनासा होतो. महिन्याचं नाव नेहमी अक्षरात लिहा, बोलतानाही महिन्याचं नाव घ्या. तारीख आठवतच नसेल तर अंदाजाने ठोकून देऊ नका. "मार्चचा दुसरा आठवडा असावा, कारण तिमाही रिलीज १७ ला होता आणि हे त्याच्या आधी घडलं," असं सांगितलं की अधिकाऱ्याला शोधायला धागा मिळतो.

अपमान मराठीत, हिंदीत किंवा तेलुगूत झाला असेल तर मूळ शब्द जसेच्या तसे लिहा आणि खाली अर्थ द्या. सौम्य करून भाषांतर करू नका, तिखटही करू नका. शिवी उच्चारायची लाज वाटते म्हणून "काहीतरी वाईट बोलले" एवढंच सांगितलं तर फायलीत तेवढंच राहील.

घटनाक्रम तीन-चार पानांत बसवा. जास्त झाला तर त्यातले मोठे प्रसंग आधी ठेवा: पगार, बढती, बदली, पीआयपी (काम सुधारण्यासाठी मुदत घालून दिलेली लेखी योजना), काढून टाकणं. टोमणे आणि वागणूक त्यांना आधार म्हणून मागून येऊ द्या.

जातीचं प्रकरण असेल तर

हा भाग मुद्दाम वेगळा लिहितोय, कारण असे प्रसंग आपल्याच लोकांमध्ये घडतात आणि तिथले अधिकारी त्यात नवखे असू शकतात. टायटल सेव्हनमध्ये 'जात' हा शब्द नाही. तरीही तिला वंश, मूळ देश, धर्म यांच्याशी जोडून तक्रारी झाल्या आहेत. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर खटला भरला. एका दलित अभियंत्याने राखीव जागेतून प्रवेश घेतला होता, ही गोष्ट वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितली आणि पुढे त्याच्याशी भेदभाव केला, असा त्यात आरोप होता. २०२३ मध्ये खात्याने दोन अभियंत्यांविरुद्धचा दावा मागे घेतला, कंपनीविरुद्धचा चालू ठेवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिॲटल शहराने भेदभावाच्या मनाई-यादीत जात हा शब्द घातला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं तसं विधेयक मात्र राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नामंजूर करून परत पाठवलं. जातीवरचा भेदभाव राज्याच्या सध्याच्या कायद्यांतही बेकायदाच आहे, असं कारण त्यांनी दिलं.

मुलाखतीत याचा अर्थ असा: तुम्हाला समजावून सांगावं लागेल. "आडनाव विचारलं" एवढ्यावर अमेरिकन अधिकाऱ्याला काहीच बोध होणार नाही. आडनावावरून, गावावरून, जेवणातल्या मांसाहारावरून, कुठल्या कोट्यातून ॲडमिशन झाली या प्रश्नावरून आपल्याकडे माणसाची जात कशी काढतात, ते दोन-तीन साध्या वाक्यांत आधी लिहून ठेवा. त्यानंतर, हे कळल्यावर समोरच्याचं वागणं कोणत्या तारखेपासून, कसं बदललं ते सांगा. जातिव्यवस्थेचा इतिहास सांगायच्या मोहात पडू नका, त्यात अर्धा तास जाईल आणि तुमच्या बढतीचा मुद्दा बाजूला राहील.

कागद गोळा करा, पण हद्दीत राहून

नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, सगळे परफॉर्मन्स रिव्ह्यू, पीआयपीचा कागद, बढतीच्या जागेची जाहिरात, एचआरशी झालेला पत्रव्यवहार, कर्मचारी पुस्तिकेतला संबंधित नियम. तुमच्याकडे रीतसर आलेल्या गोष्टी नीट, तारखेनुसार लावून ठेवा. ईमेल आणि चॅटमधली फक्त सोयीची ओळ कापून देऊ नका, वरचं-खालचं संभाषणही द्या. कंपनीकडे पूर्ण संभाषण असतंच, आणि कापलेला तुकडा उघडा पडला तर तुमच्या बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो.

आता जे करू नये ते. मॅनेजरच्या कपाटात, दुसऱ्याच्या मेलबॉक्समध्ये, आपल्याला परवानगी नसलेल्या फोल्डरमध्ये पुरावा शोधायला जाऊ नका. नवव्या सर्किटच्या (कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडच्या राज्यांच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट सांगितलं की वरिष्ठाच्या खोलीत शिरून त्याचे गोपनीय कागद उचलणाऱ्या कर्मचाऱ्याला कायद्याचं संरक्षण मिळत नाही. त्याआधी, १९९५ मध्ये, मॅकेनन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कर्मचाऱ्याची अशी चूक मागाहून सापडली तरी भेदभावाचा दावा मरत नाही, मात्र मिळणारी भरपाई कमी होऊ शकते. क्लायंटचा डेटा, सोर्स कोड, इतरांच्या पगाराचे तक्ते घरच्या ईमेलवर पाठवणं तर साफ टाळा. असा कागद अस्तित्वात आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तो कुठे आहे आणि कोणाकडे आहे ते अधिकाऱ्याला सांगा. तो कंपनीकडून मागवू शकतो, गरज पडल्यास समन्सही काढता येतं. ही ताकद त्याची आहे, ती त्यालाच वापरू द्या.

लपून रेकॉर्डिंग करण्याबद्दलही सावध राहा. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, टेक्सासमध्ये संभाषणातल्या एकाची, म्हणजे तुमची, संमती पुरते. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन राज्य, पेनसिल्व्हेनिया इथे खासगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं हा गुन्हा ठरू शकतो. तपास अधिकाऱ्याशी होणारं बोलणंही न विचारता रेकॉर्ड करू नका, टिपणं मात्र जरूर घ्या.

वकिलाशी झालेला तुमचा पत्रव्यवहार या गठ्ठ्यात चुकूनही घालू नका. तो गोपनीय राहण्याचा हक्क तुमचा आहे आणि एकदा देऊन टाकला की परत मिळवणं अवघड.

तुलनेचा माणूस आणि साक्षीदार

"माझ्यावर अन्याय झाला" हे म्हणणं आणि "माझ्यावर अमुक कारणाने अन्याय झाला" हे सिद्ध होणं यांच्यामध्ये बहुधा एक तुलनेचा माणूस उभा असतो. तोच मॅनेजर, तसंच काम, तशीच चूक किंवा तशीच पात्रता, पण वागणूक वेगळी. असे एक-दोन जण शोधा. त्यांचं नाव, हुद्दा, तुम्हाला दिसतो तेवढा त्यांचा वंश, वय किंवा धर्म, आणि नेमका फरक कशात पडला, हे लिहा. त्यांच्याबद्दल वाईट बोलायची गरज नाही, ते बिचारे यात कुठेच नसतात.

साक्षीदारांची यादी देताना प्रत्येकासमोर तो काय सांगू शकेल ते एका ओळीत लिहा. "हे सगळे मला ओळखतात" अशा दहा नावांपेक्षा १२ मार्चच्या मीटिंगमध्ये हजर असलेली दोन नावं जास्त कामाची. नोकरी सोडून गेलेले सहकारी विसरू नका, त्यांना बोलायची भीती कमी असते. मॅनेजर नसलेल्या कर्मचाऱ्यांशी तपास अधिकारी कंपनीच्या प्रतिनिधीला बाजूला ठेवून, कंपनीची परवानगी न घेताही बोलू शकतो, हे साक्षीदारांना माहीत नसतं. मात्र त्यांना काय बोलायचं ते पढवू नका. दोन साक्षीदार शब्दशः सारखं बोलू लागले की अनुभवी अधिकाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं.

कंपनीचं म्हणणं वाचून जा

तक्रार दाखल झाल्यावर दहा दिवसांत कंपनीला कळवलं जातं. मग कंपनी आपलं लेखी म्हणणं देते, त्याला पोझिशन स्टेटमेंट म्हणतात. तुम्ही मागितलंत तर त्याची प्रत तुम्हाला मिळते आणि उत्तर द्यायला २० दिवस असतात. हे न वाचता मुलाखतीला बसणं म्हणजे प्रतिवादीचा अर्ज न वाचता कोर्टात उभं राहणं.

वाचताना रक्त उसळेल. त्यात तुम्ही आळशी, भांडखोर, टीममध्ये न मिसळणारे असल्याचं लिहिलेलं असू शकतं. पहिल्या दिवशी नुसतं वाचा आणि बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी पेन घेऊन बसा आणि प्रत्येक परिच्छेदापुढे लिहा: खरं, खोटं, अर्धवट खरं, मला माहीत नाही. खोटं लिहिलंत तिथे कागद कोणता ते जोडा. कंपनीने आता दिलेलं कारण आणि तुम्हाला काढताना तोंडी किंवा पत्रात दिलेलं कारण यांत फरक आहे का, हे खास शोधा. बदलत जाणारं कारण हा पांघरुणाचा सगळ्यात ठळक पुरावा असतो.

प्रत्यक्ष मुलाखत

बहुतेक मुलाखती फोनवर किंवा व्हिडिओवर होतात. ऑफिसच्या फोनवरून, ऑफिसच्या लॅपटॉपवरून, ऑफिसच्या वेळेत अजिबात नको. घटनाक्रम समोर ठेवा, पण तो वाचून दाखवू नका. दुभाषा हवा असेल तर भेटीची वेळ ठरवतानाच मागा. वीस वर्षं इंग्रजीत काम केलेल्या माणसालाही अपमानाचा प्रसंग सांगताना शब्द सापडत नाहीत, यात कमीपणा नाही. वकील असेल तर तो सोबत बसू शकतो.

आपल्या बोलण्यातल्या एका सवयीकडे लक्ष द्या. समोरचा बोलत असताना आपण "येस, येस" म्हणत राहतो, म्हणजे "ऐकतोय". अधिकारी विचारत असतो, "म्हणजे मॅनेजरने तुम्हाला आधी तोंडी ताकीद दिली होती?" आणि आपलं "येस, येस" होकार म्हणून लिहिलं जातं. प्रश्न पूर्ण होईपर्यंत गप्प राहा. मग "हो", "नाही" किंवा "प्रश्न समजला नाही, पुन्हा सांगा" यांपैकी एकाने सुरुवात करा.

उत्तरं कशी असावीत ते उदाहरणानेच सांगतो. "बढती तुम्हाला का मिळाली नाही असं वाटतं?" या प्रश्नाला आपल्या तोंडून पटकन निघतं, "तो पहिल्यापासून आम्हा भारतीयांचा द्वेषच करतो." यातून अधिकाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी: "जाहिरातीत आठ वर्षांचा अनुभव मागितला होता. माझा अकरा वर्षांचा आहे, निवडलेल्या माणसाचा पाच. मागचे दोन्ही रिव्ह्यू माझे उत्तम आहेत. निवडीच्या आठवडाभर आधी मॅनेजर माझ्या उच्चारांबद्दल मीटिंगमध्ये बोलले." यातली प्रत्येक गोष्ट त्याला तपासता येते.

अवघड प्रश्नाची तर आरशासमोर तयारी करा. "रिव्ह्यूमध्ये लिहिलंय की तुमचं काम उशिरा झालं. खरं आहे का?" खरं असेल तर हो म्हणा. "हो, फेब्रुवारीत माझं एक काम चार दिवस उशिरा गेलं. त्याच महिन्यात टीममधल्या आणखी दोघांची कामं उशिरा गेली. पीआयपीवर फक्त मला टाकलं." हे उत्तर नाकारण्यापेक्षा कितीतरी पटींनी जड आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची ही आपली शिकवण इथे घातक ठरते, कारण ती मूठ कंपनी आपल्या म्हणण्यात आधीच उघडून बसलेली असते.

प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं ते वेगळं, आणि कुणीतरी सांगितलं ते वेगळं, हे बोलताना प्रत्येक वेळी स्पष्ट करा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. मुद्दाम खोटं सांगणं हा केंद्रीय गुन्हा आहे आणि तुमच्या तक्रारीवरही, खोटं ठरल्यास शिक्षा होईल हे मान्य करून, तुम्ही सही केलेली असते. मानसिक त्रासाबद्दल विचारतील तेव्हा संकोच सोडा: झोप, भूक, डॉक्टरांकडच्या फेऱ्या, घरातली चिडचिड, जे झालं ते सांगा. आपल्याकडे पुरुष तर हे बोलतच नाहीत, आणि मग ते नुकसान फायलीत शून्य राहतं. डोळ्यात पाणी आलं तर दोन मिनिटं मागून घ्या, अधिकाऱ्यांना त्याची सवय असते.

शेवटी "आणखी काही सांगायचं आहे?" असं विचारतात. तेव्हा "नाही, थँक यू" म्हणून फोन ठेवू नका. आधीच लिहून ठेवलेले तीन मुद्दे पाहा, राहिलेला सांगा. तुम्ही व्हेंडरमार्फत क्लायंटकडे काम करत असाल आणि तक्रारीत एकाचंच नाव असेल, तर दुसऱ्याचं नावही इथे सांगा. दोघांचीही जबाबदारी असू शकते आणि तक्रारीत दुरुस्ती करता येते.

सूडाची भीती आणि व्हिसा

तक्रार करणं, साक्ष देणं, तपासात भाग घेणं यांसाठी शिक्षा करायला कायद्याने सक्त बंदी आहे. ईईओसीकडे येणाऱ्या तक्रारींत सूडाचीच तक्रार सगळ्यात जास्त असते, यावरून भीती निराधार नाही हेही कळतं. मुलाखतीनंतर अचानक पीआयपी आला, शिफ्ट बदलली, प्रोजेक्टवरून काढलं, तर तारीख टिपा आणि त्याच आठवड्यात अधिकाऱ्याला लेखी कळवा. मूळ तक्रारीत सूडाचा मुद्दा जोडता येतो. कंपनीशी केलेल्या गोपनीयतेच्या करारामुळे किंवा सेव्हरन्सच्या (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेच्या) कागदामुळे ईईओसीकडे जायचा, तिच्याशी बोलायचा हक्क जात नाही.

एच-वन-बीवर असलात तरी टायटल सेव्हनचं संरक्षण तुम्हाला आहे. "इमिग्रेशनला कळवू" ही धमकीसुद्धा सूडात मोडते. पण तक्रारीमुळे व्हिसाला मुदतवाढ मिळत नाही, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस, किंवा आय-९४ ची (अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची) तारीख त्याआधी असेल तर तोपर्यंतच हाताशी असतात. म्हणून रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. राजीनामा द्यायचाच असेल तर आधी नोकरीच्या वकिलाशी आणि इमिग्रेशनच्या वकिलाशी, दोघांशी बोला.

साक्षीदार किंवा मॅनेजर म्हणून बोलावलं तर

सहकाऱ्याच्या तक्रारीत तुमचं नाव आलं तर टाळाटाळ करू नका. साक्षीदारालाही सूडापासून तेवढंच संरक्षण आहे. आपल्या गावचा, आपल्या मंडळातला माणूस म्हणून त्याच्या बाजूने वाढवून बोलू नका, आणि त्याच कारणाने मॅनेजरला वाचवूही नका. मॅनेजर म्हणून बोलावलं असेल तर कंपनीचा वकील सोबत असेल, पण तो कंपनीचा असतो, तुमचा नव्हे. जुने ईमेल, चॅट पुसायचा विचारही मनात आणू नका.

मुलाखतीनंतर

त्याच संध्याकाळी आपली टिपणं नीट लिहा. काही चुकीचं सांगितलं गेलं असेल तर दुसऱ्याच दिवशी ईईओसीच्या पोर्टलवरून किंवा ईमेलने दुरुस्ती पाठवा, कबूल केलेले कागदही लगेच द्या. पत्ता, फोन बदलला तर कळवा. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं म्हणून बंद झालेल्या तक्रारी कमी नाहीत. नोकरी गेली असेल तर किती ठिकाणी अर्ज केले त्याची वही ठेवा, कारण बुडालेल्या पगाराची भरपाई मागताना दुसरं काम शोधायचा प्रयत्न केला होता का, हे विचारलंच जातं.

तपासाला दहा-अकरा महिने सहज लागतात. मधल्या काळात मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर तो कमीपणाचा समजू नका. ती मोफत, ऐच्छिक आणि गोपनीय असते, आणि तपासापेक्षा कितीतरी लवकर संपते. न जमल्यास तपास पुढे चालूच राहतो.

तपास संपल्यावर दोनपैकी एक होतं. भेदभाव झाला असं मानायला आधार आहे असं ठरलं तर ईईओसी आधी कंपनीशी समेटाचा प्रयत्न करते, न जमल्यास स्वतः खटला भरते किंवा तुम्हाला खटला भरायची मोकळीक देते. तसं ठरलं नाही तर तक्रार बंद झाल्याचं आणि कोर्टात जायच्या हक्काचं पत्र येतं. ते पत्र म्हणजे तुम्ही खोटे ठरलात असं नव्हे. मात्र पत्र मिळाल्यापासून ९० दिवसांत खटला दाखल करावा लागतो, आणि ही मुदत सहसा वाढत नाही. ज्या दिवशी पत्र येईल त्याच दिवशी तारीख भिंतीवर लिहा, तुमच्या तक्रारीच्या फायलीची प्रत ईईओसीकडून मागवा आणि ती घेऊन वकिलाकडे जा. तुमच्या जबाबात काय लिहिलं गेलं आणि कंपनीने काय सांगितलं, ते त्या फायलीत वकिलाला वाचायला मिळेल.